परका हात आणि गावठी कट्टा

रायपूरहून बिलासपूरकडे जाणारी बस भनपुरीच्या पुढे आली, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा रंगच बदलतो. झाडांची पाने करडी, घरांची पत्रे तांबूस आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळपट. हे बीरगाव. शेजारी उरला, थोडे पुढे सिलतरा. लोखंड वितळवणारे, लाटणारे आणि ओतणारे शेकडो लहान-मोठे कारखाने या पट्ट्यात उभे आहेत. कधीकाळी भातशेती आणि तळी एवढीच ओळख असलेले हे गाव वाढता वाढता स्वतंत्र महानगरपालिका झाले. २०११ च्या जनगणनेतच त्याची वस्ती लाखाच्या जवळ पोहोचली होती.

पाळी सुटण्याच्या वेळी येथे सायकलींची रांग लागते. त्या रांगेत छत्तीसगढी बोलणारे असतात, ओडिया असतात, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेलेही असतात. सकाळी डब्यात काय आणले, असे विचारले तर उन्हाळ्यात हमखास उत्तर मिळते, ‘बासी’. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर खायचा. ही बोरे-बासी म्हणजे छत्तीसगढच्या श्रमिकाची न्याहारी. २०२२ च्या कामगारदिनी तर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच सर्वांनी बासी खावी, असे आवाहन केले आणि साहेबलोकही बशी पुढे ओढून बसले. पण ज्यांना ती रोजच खावी लागते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. कारखान्यात दहा-पंधरा वर्षे घाम गाळूनही हजेरीपटावर आपले नाव ठेकेदाराच्या खात्यातच का असते, हा तो प्रश्न.

हाच प्रश्न विचारणाऱ्या एका माणसाचा १९९१ साली, येथून तासाभराच्या अंतरावर, झोपेत खून झाला. त्याचे नाव शंकर गुहा नियोगी.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच अनोळखी नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले अठराव्या शतकात रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढणारे आणि पुढे लोकमान्यांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे मराठीच. हिंदीतले थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी अखेरची वर्षे राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवण्यात घालवली, त्यांच्याही घरची भाषा मराठी होती. मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया मागे पडले, की डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर अशी स्थानके ओळीने येतात. या सबंध पट्ट्याचे भाग्य मात्र एका परदेशी कराराने बदलले.

मॉस्कोहून आलेली भट्टी

स्वातंत्र्यानंतर देशाला पोलाद हवे होते. एकाच परदेशावर विसंबून राहायचे नाही, असे धोरण होते. म्हणून राउरकेल्याला जर्मन, दुर्गापूरला ब्रिटिश आणि भिलाईला सोव्हिएत मदत घेण्यात आली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभा करायचा होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या खाचरांमध्ये रशियन अभियंते सहकुटुंब राहू लागले. पुढे १९७२ मध्ये या दोस्तीची खूण म्हणून ‘मैत्री बाग’ उभी राहिली. तेथील पांढरे वाघ पाहायला आजही सुटीच्या दिवशी बीरगावची कुटुंबे मुलाबाळांना घेऊन जातात.

भिलाईने देशाला रेल्वेचे रूळ दिले. आपण ज्या गाडीने प्रवास करतो, तिच्या खालचा लोहमार्ग बहुधा भिलाईतच घडलेला असतो. या कारखान्याच्या कायम नोकरांना नगर मिळाले, शाळा मिळाल्या, रुग्णालय मिळाले. पण पोलाद नुसत्या भट्टीत होत नाही. त्यासाठी लागणारे लोहखनिज येत होते सुमारे शंभर किलोमीटर दक्षिणेच्या दल्ली राजहरा येथून. तेथे डोंगर फोडणारे हजारो आदिवासी आणि खेडूत स्त्री-पुरुष मात्र ठेकेदाराचे मजूर होते. एकाच पोलादाचे दोन भागीदार, एक नगरातला आणि एक झोपडीतला.

कोक भट्टीतला कामगार

नियोगी मूळचे बंगाली. जन्म १९४३ चा, शिक्षण जलपायगुडीला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भिलाईत आले आणि पोलाद कारखान्याच्या कोक भट्टीत कामाला लागले. संघटनेच्या उद्योगांमुळे नोकरी गेली. मग काही वर्षे ते खेड्यापाड्यांतून फिरले. कधी शेळ्या विकल्या, कधी दानीटोलाच्या खाणीत दगड फोडले. तेथेच आशा या आदिवासी तरुणीशी त्यांनी लग्न केले. आणीबाणीत ‘मिसा’खाली तुरुंगवास भोगला आणि १९७७ साली बाहेर येताच राजहऱ्याच्या खाणमजुरांनी त्यांना आपला नेता केले. छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला.

पहिल्या मागण्या किती साध्या होत्या, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. ज्या दिवशी ठेकेदार काम देत नाही, त्या दिवसाची थोडी तरी मजुरी मिळावी. आणि पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारायला बांबू-बल्ल्यांसाठी शंभर रुपये मिळावेत. या शंभर रुपयांवरून वातावरण तापले. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना उचलले, जमाव खवळला आणि २ व ३ जून १९७७ रोजी झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती आणि एक कोवळा मुलगाही होता.

एवढ्या रक्तपातानंतर एखादी संघटना केवळ सूडाची भाषा बोलली असती. राजहऱ्यात वेगळे घडले. ‘संघर्ष और निर्माण’ अशी घोषणा नियोगींनी दिली. भांडायचे आणि त्याच वेळी काहीतरी उभेही करायचे. संघाच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या, तेव्हा आपल्या बायकांना वेळेवर उपचार मिळत नाहीत, हे दुःख सर्वांच्या मनाला लागले. मजुरांनी वर्गणी काढली, स्वतः विटा वाहिल्या आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, पंधरा खाटांचे शहीद रुग्णालय सुरू केले. डॉ. विनायक सेन यांच्यासारखे तरुण डॉक्टर त्यासाठी धावून आले. पुढे खाटांची संख्या शंभरावर गेली.

त्याच सुमारास बायकांनी दारूविरुद्ध आघाडी उघडली. मजुरी वाढली, तरी ती घरी न येता भट्टीवर जाते, हे त्यांना रोज दिसत होते. पिऊन आलेल्याला संघात जाब विचारला जाऊ लागला, दंड होऊ लागला. दारूच्या ठेकेदारांशी वैर आले ते तेव्हापासून.

सोव्हिएत धर्तीच्या अजस्र यंत्रांचा प्रश्नही याच काळात उभा राहिला. खाण पूर्ण यांत्रिक केली, तर हजारो हात रिकामे होणार होते. नियोगींनी यंत्राला सरसकट विरोध केला नाही. जड आणि धोक्याचे काम यंत्राने करावे, बाकीचे माणसाने करावे, असा अर्धयांत्रिकीकरणाचा आराखडा त्यांनी मांडला आणि पूर्ण यांत्रिकीकरण काही काळ लांबवले. परदेशातून आलेली वस्तू नाकारायची नाही, पण ती आपल्या माणसाच्या पोटावर पाय देणार असेल तर तिला अटी घालायच्या, असा हा हिशेब होता.

या संघटनेत गोंड होते, हलबा होते, सतनामी आणि कबीरपंथी होते, मुसलमान आणि ओडियाही होते. १८५६ च्या दुष्काळात सावकाराचे धान्य भुकेल्यांना वाटणारे आणि १८५७ मध्ये रायपुरात फासावर गेलेले सोनाखानचे आदिवासी जमीनदार वीर नारायण सिंह यांना या सर्वांनी आपला आदर्श मानले. देशात मंदिर-मशिदीच्या वादाने शेजाऱ्यांत भिंती उभ्या राहत होत्या त्या वर्षांत येथे माणसे एका मागणीपत्राखाली अंगठे उठवत होती.

उरल्यापर्यंत आलेली मागणी

१९९० मध्ये नियोगींनी आपले लक्ष भिलाईकडे वळवले. मोठ्या कारखान्याच्या आधाराने भिलाई, कुम्हारी, टेडेसरा आणि इकडे बीरगावला लागून असलेल्या उरल्यात खासगी कारखाने वाढले होते. त्यांत कायम स्वरूपाचे काम ठेक्यावर करून घेतले जात होते. छत्तीसगढ मुक्ती मोर्चाने मागणी केली, की जगण्यापुरते वेतन द्या, कायम कामाला कायम नोकरी द्या आणि संघटना केली म्हणून काढलेल्यांना परत घ्या.

उत्तर म्हणून कामगारांना कामावरून काढले गेले, त्यांच्यावर हल्ले झाले, खटले भरले गेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये नियोगींना पकडले आणि दोन महिने तुरुंगात ठेवले. सुटल्यावर त्यांना तडीपार करण्याची नोटीस निघाली. ‘हा बाहेरचा माणूस’ असा प्रचार झाला. तीस वर्षे छत्तीसगढी बोलणारा, छत्तीसगढी भात खाणारा माणूस बाहेरचा ठरत होता. दूरदूरहून येऊन येथे कारखाने काढणाऱ्यांना मात्र असे कोणी म्हणत नव्हते.

सप्टेंबर १९९१ मध्ये नियोगी कामगारांचे शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला गेले. राष्ट्रपती वेंकटरमण यांना निवेदन दिले आणि परतले. २७ तारखेच्या रात्री ते रायपुरातून भिलाईला आले आणि हुडको वसाहतीतल्या छोट्या घरात झोपले. खिडकी उघडी होती. २८ सप्टेंबरच्या पहाटे त्या खिडकीतून कोणीतरी गोळी झाडली. नियोगी ४८ वर्षांचे होते. आपल्या जिवाला धोका आहे, हे त्यांनी डायरीत लिहून ठेवले होते आणि ध्वनिफितीवरही बोलून ठेवले होते.

एका वर्षातले दोन खून

त्याच वर्षी, चारच महिने आधी, २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली होती. श्रीलंकेतल्या ‘एलटीटीई’ने घडवून आणलेला तो कट समुद्रापलीकडून आला होता. सिंहली आणि तमिळ अशा दुभंगलेल्या शेजारी देशातले भांडण आपल्या अंगणात येऊन फुटले होते. त्यामुळे १९९१ च्या त्या दिवसांत कोणत्याही घातपातामागे परकीय हात शोधण्याची सवय लोकांना लागली होती. सत्तरच्या दशकापासून राज्यकर्तेही चळवळ उठली की याच हाताकडे बोट दाखवत आले होते.

भिलाईत मात्र परकीय हात नव्हता. हत्यार गावठी बनावटीचे होते. मारेकरी याच देशातला होता. परकीय प्रभाव होता तो वेगळ्या वाटेने आलेला, आणि तो कोणी लपवलेलाही नव्हता. त्याच जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते. नाणेनिधीच्या कर्जाच्या छायेत नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले होते. खुल्या बाजारात टिकायचे तर मजुरीचा खर्च कमी ठेवला पाहिजे, ही भाषा कारखान्यांच्या कचेऱ्यांत रुळू लागली होती. आणि ज्या सोव्हिएत संघाने भिलाई उभारली, तो नियोगींच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांत, २६ डिसेंबर १९९१ रोजी विसर्जित झाला.

न्यायालयांची तीन उत्तरे

खटला दुर्गच्या सत्र न्यायालयात चालला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे होता. जून १९९७ मध्ये निकाल लागला. गोळी झाडणाऱ्या पलटन मल्लाहला फाशी आणि आणखी पाच जणांना जन्मठेप झाली. त्या पाचांत उद्योजकही होते. वर्षभराने, जून १९९८ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सर्वांनाच निर्दोष सोडले. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पलटन मल्लाहला दोषी ठरवून जन्मठेप दिली. बाकीच्यांची सुटका मात्र कायम राहिली.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चाप कोणी ओढला, एवढेच सिद्ध झाले. पलटन मल्लाहचे नियोगींशी काही वैर नव्हते, त्याची मजुरी नियोगींमुळे बुडत नव्हती. मग त्याला पाठवले कोणी? या प्रश्नापुढे निकालपत्रात जागा कोरी राहिली आहे.

महाराष्ट्राला ही कोरी जागा ओळखीची आहे. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगारांचे नेतृत्व करणारे डॉ. दत्ता सामंत १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत आपल्या घराजवळ गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या खुनाच्या खटल्यातून छोटा राजन २०२३ मध्ये पुराव्याअभावी सुटला. भिलाई काय आणि पवई काय, कामगारांचा पुढारी मारला जातो तेव्हा बंदूक भाड्याची असते आणि भाडे देणारा अंधारात राहतो.

त्यानंतरची वर्षे

नेता गेला म्हणजे चळवळ मोडेल, असे ज्यांना वाटले होते, त्यांचा अंदाज निम्मा खरा आणि निम्मा खोटा ठरला. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्थानकात मागण्या मान्य होत नाहीत म्हणून कामगार बायकामुलांसह रुळांवर बसले. संध्याकाळी गोळीबार झाला. १६ कामगार ठार झाले, एक पोलीस अधिकारीही मारला गेला. ज्या रुळांवर ते बसले होते, ते त्यांच्याच मुलखातल्या पोलादाचे. पुढे संघटनेत फुटी पडल्या, खटले वर्षानुवर्षे रेंगाळले, काढलेले कामगार म्हातारे झाले. सुधा भारद्वाज यांच्यासारख्या कार्यकर्त्या वकिलीची सनद घेऊन त्यांच्यासाठी न्यायालयात उभ्या राहिल्या.

आणि मग एक गोष्ट अशी घडली, की परक्या हाताचा अर्थच उलटा झाला. भिलाईजवळच्या जामुल येथे ‘एसीसी’चा सिमेंट कारखाना आहे. ही कंपनी २००५ नंतर स्विस ‘होल्सिम’ समूहाच्या ताब्यात गेली. तेथील ठेका कामगारांची लढाई नियोगींच्या वेळेपासूनची. न्यायालयाचे निकाल बाजूने लागूनही अंमलबजावणी होईना, तेव्हा या कामगारांच्या संघटनेने २०१२ मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नोंदवली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी इतर देशांत कसे वागावे, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि स्विस सरकारने त्यासाठी एक कचेरी ठेवली आहे, हे त्यांनी शोधून काढले होते. तेथे बोलणी झाली, इकडे बोलणी झाली आणि २०१६ च्या सुरुवातीला करार झाला. ठेक्यावरच्या कामगारांना नोकरीत सामावून घेण्याचे ठरले. पंचवीस वर्षे लागली, पण मागणी तीच होती, कायम कामाला कायम नोकरी.

परदेश हा कधी भट्टी घेऊन येतो, कधी कर्जाच्या अटी घेऊन, कधी मालक होऊन. त्याला नुसते शिव्या देऊन किंवा नुसते हार घालून भागत नाही. त्याच्याकडून काय घ्यायचे आणि त्याला काय विचारायचे, हे ठरवण्याची अक्कल संघटित माणसाला येते. जामुलच्या सिमेंट कामगारांनी ते करून दाखवले.

पाहण्यासारखे, विसरू नये असे

या भागात जाणारा प्रवासी बहुधा सिरपूरची प्राचीन मंदिरे, चित्रकोटचा धबधबा किंवा भिलाईची मैत्री बाग पाहून परततो. त्याने एक दिवस आणखी हाताशी ठेवावा. दुर्गहून दल्ली राजहऱ्याला रेल्वे जाते. वाटेत बालोद लागते, साल-सागाचे रान लागते आणि मग तांबड्या मातीचे, पोखरलेले डोंगर दिसू लागतात. तेथील खनिज आता सरत आले आहे. भिलाईची नजर आणखी दक्षिणेच्या रावघाटावर आहे. शहीद रुग्णालयाच्या बाहेर मात्र दूरच्या खेड्यांतून आलेले रोगी दिसतात. पूर्वीच्या खाणमजुरांनी बांधलेल्या भिंतींमध्ये आज त्यांच्या नातवंडांची बाळंतपणे होतात.

भिलाईत दरवर्षी १ जुलैला पॉवर हाउसजवळ आणि २८ सप्टेंबरला नियोगींच्या स्मृतीसाठी लाल-हिरवे झेंडे घेऊन माणसे जमतात. लाल रंग कामगाराचा, हिरवा शेतकऱ्याचा. जमणाऱ्यांत पांढऱ्या केसांची डोकी अधिक, हे खरे आहे.

बीरगावात नव्या पिढीची पोरे आयटीआयचे शिक्षण घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहतात. त्यांच्या हाती मोबाइल आहे, अंगात धमक आहे. त्यांच्यातल्या कित्येकांना नियोगी हे नाव ठाऊक नसेल. पण आत घेताना मुकादम त्यांना जे विचारतो, ते १९९० मध्ये विचारले जात होते तेच, ‘कोणत्या ठेकेदाराचा?’ या प्रश्नाला ‘कोणाचाही नाही, कारखान्याचा’ असे उत्तर देता यावे, एवढ्यासाठी एक माणूस मारला गेला.